क्रमांकाशेजारचं नाव

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि त्या पावसातच साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोंदींचे गठ्ठे यायला लागतात. चिटबॉय, म्हणजे गावोगाव लागण नोंदवणारे कारखान्याचे कर्मचारी, आपापली गावं फिरून आलेले असतात. कुणी किती आर लावला, कोणत्या गटनंबरात, उसाची जात कोणती, लागणीची तारीख कोणती, पाणी विहिरीचं की नदीचं, हे सगळं त्यांच्या वहीत एकेका ओळीत बसवलेलं असतं. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू, आणि गाळप चालू असतानाच तुटलेल्या फडांचा खोडवा. वर्षभर या ओळी येत राहतात. पुढच्या हंगामात कुणाच्या फडाला टोळी आधी जाणार आणि कुणाला थांबावं लागणार, हे याच ओळींवर ठरतं. पाळीवरून गावात वैर धरलं जातं, इतकी ती ओळ महत्त्वाची.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी कारखान्याच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागात एक मुलगी ऑपरेटर म्हणून लागली, तेव्हा ही ओळ पडद्यावर अशी दिसायची: सभासद ४१७८, गाव २३, जात ३, हंगाम १, सोसायटी ११. बस्स. आकड्यांच्या चौकटी आणि त्यांच्या डोक्यावर मथळे. फॉर्म मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये केलेला होता. बाहेरच्या एका प्रोग्रामरने तो करून दिला होता, हिशेब चुकता झाल्यावर तो पुन्हा फिरकला नव्हता. ऑपरेटर मुलींच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद असायचा, त्यावर गावांचे आणि जातींचे नंबर. जुन्या मुलींना तो पाठ होता. नव्या मुलीला पाठ होईपर्यंत अर्धा हंगाम जायचा.

सभासदांचे नंबर मात्र हजारोंच्या घरात. ते कुणाला पाठ होणार?

आकडेच का साठवायचे, याला भक्कम कारण आहे. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी जो शोधनिबंध लिहिला, त्यातून आजचे सगळे रिलेशनल डेटाबेस निघाले. त्यातली एक गोष्ट अंगी बाणवावी अशी: एक माहिती एकाच जागी असावी, बाकीच्यांनी तिच्याकडे फक्त बोट दाखवावं. सभासदाचं नाव सभासदांच्या टेबलात एकदा. ऊसनोंदीत, वजनपावतीत, बिलात त्याचा नंबर. नाव दुरुस्त झालं की सगळीकडे दुरुस्त. पण त्याच निबंधाची सुरुवातच अशी आहे की माहिती यंत्रात कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये. कारखान्यातल्या त्या फॉर्मने कॉड यांची पहिली गोष्ट पाळली होती आणि ही दुसरी, जी माणसासाठी होती, ती सोडून दिली होती. यंत्राची रचना जशीच्या तशी ऑपरेटरच्या डोळ्यांपुढे मांडली होती.

त्याचे परिणाम कागदावर दिसत. बोटं पटापट चालवणाऱ्याकडून वारंवार होणारी एक चूक म्हणजे शेजारचे दोन आकडे उलटे पडणं. ४१७८ ऐवजी ४१८७. दोन्ही नंबर खरे, दोन्ही सभासद जिवंत, दोघांचाही ऊस उभा. यंत्र तक्रार करत नाही. आधार क्रमांकात यासाठी खास सोय आहे. त्याचा शेवटचा अंक डच गणिती व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने काढलेला असतो आणि शेजारचे दोन अंक उलटले की तो ते पकडतो. सहकारी संस्थांच्या सभासद क्रमांकांना सहसा असा राखणदार अंक नसतो. ते शेअर्सच्या वहीतल्या क्रमाने पडत गेलेले असतात. तिथे चूक पकडणारं एकच साधन उरतं: नंबर टाकल्याबरोबर शेजारी उमटणारं नाव. ते नाव पाहून ऑपरेटर किंवा टेबलापलीकडे बसलेला चिटबॉय म्हणू शकतो, ‘हा नव्हे.’ नावच दिसलं नाही तर असं म्हणायचं कुणी?

आणि चूक पुढे कुठवर जाते? तोडणीची चिठ्ठी भलत्याच्या नावे निघते. ऊस एकाचा तुटतो, वजन दुसऱ्याच्या खात्यावर चढतं, बिलही त्याच्याच खात्यात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्याला ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायला बांधलेलं आहे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. त्या चौदा दिवसांत दोन सभासदांचं वजन एकमेकांतून सोडवायचं म्हणजे शेतकी, काटा, हिशेब अशा तीन खात्यांच्या सह्या गोळा करायच्या. ज्याचे पैसे अडकले तो माणूस मात्र खिडकीशी उभा असतो. मुलीच्या लग्नाची, सोसायटीच्या हप्त्याची, ड्रिपच्या बिलाची तारीख त्याला पाठ असते. त्या ऑपरेटरला या माणसांची काळजी होती, म्हणून तिने ॲक्सेसचं पुस्तक उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात कॉम्बो बॉक्सने झाली. ॲक्सेसमध्ये ही गोष्ट चार-पाच सेटिंगांवर उभी आहे. यादी कुठून आणायची ते ‘रो सोर्स’मध्ये, यादीत किती रकाने, ते ‘कॉलम काउंट’मध्ये, त्यांतला कोणता रकाना साठवायचा ते ‘बाउंड कॉलम’मध्ये, आणि प्रत्येकाची रुंदी ‘कॉलम विड्थ्स’मध्ये. खुबी शेवटच्या सेटिंगात. पहिल्या रकान्याची, म्हणजे नंबराची, रुंदी शून्य ठेवायची. मग साठतो नंबर आणि दिसतं नाव. जातीच्या चौकटीत ३ ऐवजी ‘को ८६०३२’ उमटलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची मुलगी उठून बघायला आली.

जातींसाठी, हंगामासाठी, सोसायटीसाठी एवढं पुरलं. यादी लहान, नावं वेगवेगळी. सभासदांना मात्र हे पुरेना.

यादी उघडलेली असताना बाकीचे सगळे रकाने दिसतात, पण एकदा निवड झाली आणि यादी मिटली की चौकटीत उरतो फक्त पहिला दिसणारा रकाना. म्हणजे फक्त नाव. आणि उसाच्या पट्ट्यात नुसत्या नावाने माणूस ओळखू येत नाही. एकाच गावात एकाच आडनावाचे निम्मे उंबरे, त्यांत बाळासाहेब, आण्णासाहेब, बापूसाहेब ही नावं फिरून फिरून येणारी. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे वडिलांचं नाव जोडूनही दोन माणसं अक्षरशः सारखी निघतात. शेतकी खात्यातले एक जुने चिटबॉय होते, सगळे त्यांना मामा म्हणत. तिने त्यांना फॉर्म दाखवला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, नुसतं नाव काय कामाचं? बापाचं नाव दाखवा, गाव दाखवा, आणि मळा दाखवा. मळा दिसला की मी झोपेत सांगतो कोण ते.”

मळ्याचं नाव सभासदांच्या टेबलात नव्हतंच. ते चिटबॉयच्या डोक्यात होतं. तिने टेबलात एक रकाना वाढवला आणि मामांसारख्या चिटबॉयना समोर बसवून गावागणिक तो भरून घेतला. या कामाला कुणी सॉफ्टवेअरचं काम म्हणणार नाही, पण तो फॉर्म पुढे टिकला तो या रकान्यामुळे. लुकअपमध्ये काय दाखवायचं, हे डेटाबेसमध्ये काय आहे यावरून ठरवू नये. समोरचा माणूस दुसऱ्या माणसाला कशावरून ओळखतो ते आधी विचारावं. आपल्याकडच्या बऱ्याच फॉर्ममध्ये हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

मिटलेल्या यादीतून बाकीचे रकाने बाहेर काढायचा मार्ग सोपा निघाला. कॉम्बोच्या शेजारी साध्या मजकूर-चौकटी ठेवायच्या आणि त्यांना सांगायचं की त्या कॉम्बोचा अमुक रकाना दाखव. यात पुस्तक वाचूनही लोक अडखळतात अशी एक विसंगती आहे. ‘बाउंड कॉलम’ मोजताना पहिला रकाना एक असतो, आणि ‘कॉलम’ हा गुणधर्म वापरताना तोच पहिला रकाना शून्य. वडिलांचं नाव हवं असताना गाव उमटतं ते यामुळे. तिने मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. पुढे तिच्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट ती पहिल्याच दिवशी सांगायची.

या चौकटींमध्ये काहीच साठत नाही, हे तिला फार आवडलं होतं. त्या फक्त दाखवतात. नोंदीत जाणारा नंबर एकच. नाव, वडील, गाव, मळा ही त्याची ओळख पटवायला पडद्यापुरती आलेली.

गावांची गोष्ट वेगळी झाली. महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव, बोरगाव नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेली आहेत, आणि एका तालुक्यातही बुद्रुक आणि खुर्द अशी जोडी असते. आता पुण्याच्या पोटात गेलेली वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही सगळ्यांच्या ओळखीची जोडी. जनगणनेने २०११ मध्ये प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक दिला, तो असा गोंधळ टाळायला उपयोगी पडतो. कारखान्याने आपल्या गावांना स्वतःचे नंबर दिले होते, तरी दाखवायचं तर नावच. फॉर्मवर गावाची चौकट अरुंद होती आणि नाव उजवीकडे कापलं जायचं. कापला जायचा तो नेमका शेवटचा शब्द. दोन्ही ओळी सारख्याच दिसायच्या. बुद्रुक की खुर्द हे सांगणारी अक्षरंच चौकटीबाहेर. रुंदी वाढवायला जागा नव्हती. तिने यादीसाठी वेगळी क्वेरी लिहिली आणि त्यात ‘बु.’ किंवा ‘खु.’ नावाच्या आधी आणलं. ते बेढब दिसतं. शेतकी अधिकाऱ्यांनी तसं बोलूनही दाखवलं. पण नोंदी योग्य गावात पडायला लागल्या आणि ते तसंच राहिलं.

तोडणी कामगारांच्या करारांचा फॉर्म हातात आला तेव्हा या कामाने तिची खरी परीक्षा घेतली. ऊस तोडायला टोळ्या येतात त्या बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून. मुकादमाला उचल द्यायची तर त्याचा पक्का पत्ता लागतो: जिल्हा, तालुका, गाव. टोळीतल्या प्रत्येक कोयत्याचाही, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडीचाही, पत्ता लागतो. म्हणजे एका मुकादमाखाली पुष्कळ ओळी, एकाखाली एक दिसणाऱ्या. ॲक्सेस अशा फॉर्मला कंटिन्युअस फॉर्म म्हणतो. प्रत्येक ओळीत तालुका निवडला की गावाची यादी फक्त त्या तालुक्याची व्हावी, एवढीच अपेक्षा.

तिने तसं केलं. पहिल्या ओळीत गेवराई निवडलं, गावांची यादी गेवराईची झाली, गाव निवडलं. दुसऱ्या ओळीत पाथर्डी निवडलं. आणि पहिल्या ओळीतलं गाव पुसलं गेलं.

पुन्हा पहिल्या ओळीवर गेलं की ते परत यायचं, आणि मग दुसऱ्या ओळीतलं जायचं. ऑपरेटर मुली घाबरल्या. त्यांना वाटलं डेटा उडाला. एकीने तर गावं पुन्हा भरायला घेतली होती. प्रत्यक्षात टेबलात सगळे नंबर जागच्या जागी होते. ॲक्सेसच्या कंटिन्युअस फॉर्ममध्ये ओळी पन्नास दिसल्या तरी गावाचा कॉम्बो एकच असतो. तोच प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा रंगवला जातो. त्याची यादी पाथर्डीची झाली, की गेवराईच्या गावाचा नंबर त्या यादीत सापडत नाही. नंबराची रुंदी तर शून्य ठेवलेली. मग दाखवायला काही उरतच नाही आणि चौकट कोरी दिसते. जी युक्ती एकट्या नोंदीच्या फॉर्मवर सुंदर चालली, तिच्याच पोटात ही अडचण होती.

यावर उपाय आहे, आणि तो ज्याने पहिल्यांदा शोधला असेल त्याचं कौतुक वाटतं. फॉर्म ज्या क्वेरीवर उभा आहे, तिच्यातच गावांचं टेबल जोडायचं आणि गावाचं नाव एका साध्या मजकूर-चौकटीत आणायचं. ही चौकट कॉम्बोच्या अंगावर अशी ठेवायची की कॉम्बोचा फक्त उजवीकडचा बाण उघडा राहील. एरवी सगळ्या ओळींत दिसतं ते या चौकटीतलं नाव, जे यादीवर अवलंबून नाही. चौकटीवर कुणी आलं की फोकस खालच्या कॉम्बोकडे सरकवायचा, म्हणजे निवडताना मात्र त्या ओळीच्या तालुक्याची यादी उघडते. दाखवायचं काम एकाकडे, निवडायचं काम दुसऱ्याकडे. हे बसलं त्या दिवशी तिने सगळ्या मुलींना बोलावून, ओळी वरखाली करून दाखवल्या. आधी ज्या घाबरल्या होत्या त्यांच्या मनातून भीती जाणं तिला फॉर्म चालण्याइतकंच गरजेचं वाटत होतं.

याच करारांच्या टेबलात दुव्याने दाखवण्याचं मोल पुढे उघड दिसलं. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जिल्ह्यांच्या टेबलात तीन ओळी बदलल्या आणि प्रत्येक फॉर्मवर नवं नाव दिसायला लागलं. ज्यांनी जिल्ह्याचं नाव अक्षरांत टाइप करून ठेवलं होतं अशा कार्यालयांत काय झालं असेल, त्याची कल्पना करता येते: औरंगाबाद, औ.बाद, संभाजीनगर, छ. संभाजीनगर, सगळे वेगवेगळे जिल्हे म्हणून मोजले जाणारे.

क्वेरीत टेबल जोडून नाव आणण्याला मात्र एक धोका चिकटलेला असतो, आणि तो या कारखान्यात घडून गेला. कॉम्बोच्या रकान्यातून आलेलं नाव ऑपरेटरला बदलता येत नाही. जोडलेल्या टेबलातून आलेलं नाव बदलता येतं. चौकट साधीच दिसते, कर्सर आत जातो, अक्षरं पुसता येतात. एक सभासद वारले. मुलाने नवी लागण नोंदवली. ऑपरेटरने अशा जोडणीवरचा नोंदीचा फॉर्म उघडला, वडिलांचा नंबर टाकला, वडिलांचं नाव उमटलं, आणि तिने चांगल्या हेतूने ते पुसून मुलाचं नाव लिहिलं. तिच्या मते ती एक नोंद दुरुस्त करत होती. बदलली ती सभासदांच्या टेबलातली मूळ ओळ. त्या क्षणापासून वडिलांच्या सगळ्या जुन्या वर्षांच्या नोंदी, पावत्या मुलाच्या नावाने दिसायला लागल्या. त्या मुलाच्या थोरल्या भावाने बँकेसाठी मागच्या वर्षांच्या उसाचा दाखला मागितला तेव्हा हे बाहेर आलं, आणि घरातला वाद कारखान्याच्या दारात आला.

तेव्हापासून दाखवण्यापुरती असलेली प्रत्येक चौकट कुलूपबंद करायची आणि तिची पार्श्वभूमी करडी ठेवायची, हा त्या विभागातला नियम झाला. पांढरं ते भरायचं, करडं ते वाचायचं. वारसाला नवा नंबर मिळतो आणि जुन्या नंबराशी त्याचा दुवा वेगळा नोंदवला जातो.

जोडणीचा दुसरा धडा गेटकेनने दिला. कार्यक्षेत्राबाहेरचा बिगर सभासदांचा ऊस कारखान्याच्या गेटवर येतो, त्याला सभासद नंबर नसतो. नोंदी आणि सभासद यांची टेबलं साध्या पद्धतीने जोडली की दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच तेवढ्या दिसतात. नंबर नसलेल्या नोंदी फॉर्मवरून गायब होतात. वजन टनात चढलेलं, पण नोंद कुठे आहे ते दिसत नाही. जोडणी अशी बदलावी लागते की नोंदी सगळ्या याव्यात आणि सभासद सापडला तर त्याचं नाव यावं, नाहीतर जागा कोरी राहावी. फॉर्म करणाऱ्याने यात हयगय केली, तर ज्यांचा ऊस आधीच परका मानला जातो तेच पडद्यावरून नाहीसे होतात.

आतापर्यंत सगळं चाललं ते ‘साठवू नका, दुव्याने दाखवा’ या दिशेने. बिलाच्या फॉर्मवर तिला नेमकं उलट करावं लागलं. उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार दर हंगामाला ठरवतं. २०२३-२४ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३१५ रुपये होती, २०२४-२५ साठी ३४०. कारखान्याचा प्रत्यक्ष दर उतारा आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च धरून निघतो, पण तोही दरवर्षी दराच्या टेबलात येतो. बिलाचा फॉर्म हा दर नुसता दुव्याने दाखवायला लागला तर चालू दर बदलला की मागच्या वर्षाचं बिल उघडल्यावर त्यावरही नवा दर दिसेल. शेतकऱ्याच्या हातातला कागद एक सांगतो, पडदा दुसरं. म्हणून इथे लुकअप फक्त भरण्यापुरता. बिल तयार होताना दर टेबलातून उचलायचा आणि बिलाच्या ओळीत कायमचा लिहून ठेवायचा. करारपत्रावर छापलेलं जिल्ह्याचं नावही असंच: ज्या दिवशी सही झाली त्या दिवशीचं.

कोणती गोष्ट आजची दिसावी आणि कोणती त्या दिवशीची राहावी, याची यादी तिने शेतकी, हिशेब आणि काटा अशा तिन्ही खात्यांच्या लोकांना एकत्र बसवून केली. संगणकाशी त्या यादीचा संबंध थोडा, व्यवहाराशी जास्त. हिशेबातल्या एका क्लार्कने सहज विचारलं की शेतकऱ्याची बँक कोणत्या बाजूला टाकायची, आणि सगळे थबकले.

बँकेची शाखा ओळखायचा आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. तो टाकला की बँक आणि शाखा शेजारी उमटावी, ही सोय सगळ्यांना हवी होती. आणि शाखेचं नाव दिसणं अत्यंत गरजेचं, कारण पासबुकावरून अकरा अक्षरं उतरवताना शून्याच्या जागी ओ पडणं रोजचं. पण १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात गेल्या, १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियन बँकेत. पुढे जुने कोड बंद होत गेले. शेतकऱ्याच्या पासबुकावर जुना कोड, रिझर्व्ह बँकेच्या यादीत नवा. ठरलं ते असं: सभासदाच्या खात्यावर चालू कोड दुव्याने दाखवायचा, जे पैसे ज्या दिवशी ज्या कोडवर गेले, तो कोड त्या बिलावर गोठवायचा. दोन्ही एकाच पडद्यावर, एक करड्या चौकटीत, एक छापील.

मराठीचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे, इथे एवढंच. जुनी नावं अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली होती की पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन अक्षरांचे कोड असत. यादी अकारविल्हे लागायची नाही आणि ‘पा’ टाइप केल्यावर पाटील येत नसे. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर यादी नीट लागली. राहिला तो पाटील आणि पाटिल, शिंदे आणि शिन्दे यांचा घोळ. तो शुद्धलेखनाची शिकवणी घेऊन सुटणारा नव्हता. नंबर टाकून नाव दाखवण्याची पद्धतच तिथे कामी आली, कारण मग नाव कुणाला टाइप करावंच लागत नाही.

काट्यावरचा फॉर्म तिने सगळ्यात शेवटी केला आणि सगळ्यात कमी गोष्टींचा केला. हंगामात वजनकाट्यावर रात्रंदिवस रांग असते: ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या. तिथल्या क्लार्कला माउस पकडायला वेळ नाही आणि हजारो नावांची यादी उघडायला तर नाहीच. नेटवर्कवरून तेवढी यादी आणायला जेवढे क्षण लागतात तेवढ्यात मागून हॉर्न सुरू होतात. तिथे कॉम्बो काढून टाकला. साधी चौकट, तोडणी चिठ्ठीचा नंबर टाकायचा, एंटर. लगेच शेतकऱ्याचं नाव, गाव, मळा, जात आणि गाडीचा मुकादम मोठ्या अक्षरांत. ही एकच ओळ सर्व्हरकडून मागवायची, यादी नव्हे. आणि क्लार्कने नाव मोठ्याने वाचायचं असा दंडक घातला. गाडीवानाला चिठ्ठीवरचा नंबर कळत नसेल, पण आपण कुणाच्या फडातून आलो हे त्याला पक्कं माहीत असतं. ‘तो नव्हं, त्याच्या चुलत्याचा’ असं गाडीवरून ओरडून सांगणारे गाडीवान त्या फॉर्मचे सगळ्यात चोख तपासनीस ठरले.

आता तो कारखाना नवं सॉफ्टवेअर घेतोय. चिटबॉय वही न भरता फडाच्या बांधावर उभा राहून मोबाइलवर नोंद करणार, जागेचे अक्षांश-रेखांश फोन स्वतः टिपणार. बदल चांगला आहे आणि तिला तो हवा आहे. पुरवठादाराच्या बैठकीत तिला बोलावतात. मोबाइलचा पडदा अरुंद, तिथे चार रकाने मावत नाहीत, म्हणून कंपनीच्या तरुणांनी मळा काढून टाकायचं सुचवलं. ती म्हणाली, आडनाव काढा हवं तर, एका गावात सगळ्यांचं तेच असतं; मळा राहू द्या. ते मान्य झालं.

एका मुद्द्यावर मात्र बैठक अडलेली आहे. नदीकाठच्या काही गावांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून सभासदांची यादी फोनमध्येच उतरवून ठेवायची. मग आज सकाळी ज्या वारसाला नवा नंबर मिळाला, त्याचं नाव दुपारी बांधावरच्या फोनमध्ये नसणार. नंबर बरोबर असूनही नाव उमटणार नाही. नोंद अडवावी, की नाव कोरं ठेवून घ्यावी? अडवली तर चिटबॉयला एका ओळीसाठी पुन्हा चिखल तुडवत यावं लागेल. घेतली तर उलटे पडलेले आकडेही त्याच कोऱ्या जागेतून आत शिरतील. तिने मधला मार्ग सुचवला आहे: नाव कोरं असेल तर चिटबॉयने ते बोटाने लिहायचं, ते लेखन नोंदीसोबत वेगळं राहील, आणि फोन रेंजमध्ये आला की यंत्राने टेबलातलं नाव त्याच्याशेजारी आणून ठेवायचं. दोन्ही जुळली तर नोंद पुढे, नाहीतर ती यादी त्याच संध्याकाळी शेतकी खात्याच्या टेबलावर. कंपनीने त्याचा वेगळा खर्च सांगितला आहे, आणि तो मंजूर व्हावा म्हणून तिने संचालक मंडळाला टिपण पाठवलं आहे.